सतरा नंबरचा लिंब

मित्रांनो, युसूफ वडगावाकडून येणारी एसटी माझ्यावर वळली की भर उन्हाळ्यातही प्रवासी खिडक्या उघडतात. असा मी, तालुक्याच्या शहरातला जुना सावलीचा रस्ता. निजामाच्या अमलात मुरूम टाकून मला केलं आणि दोन्ही अंगांना कडुलिंब लावले. माझ्यावरून जाणारा प्रत्येक माणूस मी मनात टिपून ठेवतो. सावलीचं कौतुक करणारे लई. पाणी घालणारे बोटांवर मोजावेत इतके.

निवृत्त शिक्षिका यशोधराबाई त्यांतल्या एक. त्यांनी दोन वर्षं अर्ज केले, झाडांवर चुन्याने नंबर टाकले. एकशे बारा भरले. अखेर पाटी लागली : 'वारसा हरित मार्ग. जिवंत झाड तोडण्यास मनाई.' पेढे वाटले गेले. मीही फुगलो.

पहिला बडगा बसला शेळ्या राखणाऱ्या सुग्रीववर. आज्यापासून त्यांच्यात फांदी राखून पाला उतरवायची रीत. बाईंनीच त्याला हटकलं, "आता पानाला हात लावायचा नाही."

"बाई, पानाला हात लावणाराच झाड बघतोय. बाकीचे पाटी बघत्यात," असं म्हणून तो शेळ्या घेऊन गेला.

सतरा नंबरच्या लिंबामागे विजयसिंहाचं नवं कापड दुकान झालं. दुकानाचं नाव फांद्यांआड जायचं. त्याने मनाईची पाटी नीट वाचली. 'जिवंत' हा शब्द त्याला फार आवडला.

आषाढात सुग्रीव बाईंच्या दारात आला. "बाई, सतराला हिंगाचा वास येतोय. बुंध्याला भोकं पाडून हिंग भरलाय, वरून माती लिंपलीय. झाड मरतंय बगा."

"पाल्यासाठी काहीही सांगशील!" बाई हसल्या. "पाटी लागलीय रे."

श्रावणात सगळे लिंब हिरवेगार, सतरा मात्र तांबूस. महिन्याने कागद आला : झाड वाळलेले, सबब तोडण्यास परवानगी. करवत चालली तेव्हा बाई काठी टेकत आल्या. ओंडक्यातून हिंगाचा भपकारा आला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सुग्रीवला निरोप धाडला.

तो एकटाच आला. पाल्यावाचून शेळ्या बाजारात गेल्या होत्या.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

 तो शेजारच्या दुकानापुढे गेला. अठराच्या बुंध्याला नाक लावलं, मग एकोणीसच्या.

"काय रे?"

"दोन्हीत बी हाय."

मित्रांनो, पाटी अजून उभी आहे. तिला रंगही नवा दिलाय. तुम्ही शाळेला माझ्यावरूनच जाता. जाताजाता बुंध्यावरून हात फिरवा. ओली माती लिंपलेली दिसली तर खरवडा, मोठ्यांना ओढून आणा, ओरडा. वीस नंबर अजून हिरवा आहे.