अंबूबाईचा आजार गावच्या ग्रुपवर

सकाळी आठाला अंबूबाईनं दुधाची किटली मायाच्या पायरीवर आदळली.

"घे, तूच पी. सहा घरं फिरले, चार घरांनी दूध परत लावलं."

माया म्हणजे वाडीची आशाताई. लसी, बाळंतपणं, सर्वे, सगळं तिच्याच गळ्यात. "का वं मावशी, नासलं का काय?"

"दूध न्हाई, मीच नासले म्हणं. पयल्याच घरची संयोगिता म्हणाली, तुमास्नी टीबी हाय, मोबाईलवर आलंय. मी कुणाला सांगितलं हुतं गं? एकट्या तुला, दार लावून. तू म्हणालीस, कागद सरकारकडं जातोय, हितं कुणाला कळायचं न्हाई."

मायानं मोबाईल उघडला. तालुक्याच्या आरोग्य ऑफिसातनं गावच्या ग्रुपवर यादी पडली होती. सव्वादोनशे नावं, शेजारी फोन नंबर, त्याच्या शेजारी आजार. अंबूबाईपुढं 'क्षयरोग'. तीन वर्षांमागं सहा महिने गोळ्या खाऊन ती ठणठणीत झाली होती, ते कुठंच नव्हतं. यादीला वीस जणांनी अंगठा मात्र दिला होता.

 मायानं त्याच दुधाचा बिनपाण्याचा चहा केला. दोघी प्याल्या.

"तुझ्या चहानं माझी घरं परत येत्यात व्हय?"

"न्हाई. पर चला पंचायतीत."

पंचायतीत आधीच गर्दी. फौजेतनं सुभेदार होऊन आलेले लालासाहेब टेबलावर हात आपटत होते. त्यांना ऐकू येत नाही हे यादीतनं कळल्यावर, दहा वर्षं हा माणूस सगळ्यालाच 'बरं बरं' का म्हणतो, त्याचा गावाला उलगडा झाला होता.

"फौजेत असा कागद बाहेर गेला असता तर कुणाची तरी वर्दी उतरली असती," ते गरजले.

"मी काय करू?" क्लार्क प्रशांत म्हणाला. "वरनं आलंय. चुकून पडली म्हणत्यात. डिलीट केली."

"बरं बरं," लालासाहेब म्हणाले. ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात माया नवा सर्वे घेऊन निघाली, तर एकानंही दार उघडलं नाही. कुणी आतनं सांगे, घरात कुणी न्हाई. तिला त्यांचा राग येईना. तिनं कोरे फॉर्म तसेच तालुक्याला नेऊन दिले आणि तिथल्या साहेबांना तोंडावर सांगितलं, "लोकांनी माझ्यावर इश्वास टाकला हुता. तुमी गावात येऊन बोला, मग मी भरते." नोकरी जाईल म्हणून परतताना एसटीत ती घरखर्चाचा हिशोब घालत बसली.

साहेब गुरुवारी आले. समाजमंदिरात सगळी वाडी जमली.

"सरकार तुमची माहिती गुप्तच ठेवतं," साहेब म्हणाले. "एका माणसाकडून चूक झाली. आणि त्यात लाजायचं काय? आजार कुणालाही होतो."

अंबूबाई उठली. "साहेब, तुमास्नी काय हाय?"

"म्हणजे?"

"आजार वं. खिशातनं गोळ्यांची पट्टी दिसतीया म्हणून इचारलं."

साहेबांचा हात खिशावर गेला. "आजी, ते इथं सगळ्यांसमोर कसं सांगायचं?"

"तेच म्हणतीया मी," ती म्हणाली आणि खाली बसली.

  मग साहेबांनी अंबूबाईचं नाव घेऊन, ती तीन वर्षांमागंच बरी झाली आहे, तिच्या दुधाला काहीही धोका नाही, असं मोठ्यानं सांगितलं. चुकीबद्दल माफी मागितली, तीही लिहून दिली. मायाची नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी संयोगिता पातेलं घेऊन स्वतः आली, मागनं आणखी एक घर आलं. उरलेली दोन घरं अजून दहिवडीहून येणारं पिशवीतलं दूध पितात.

महिन्यानं माया पुन्हा फॉर्म घेऊन अंबूबाईच्या गोठ्यात बसली.

"खरं सांग," अंबूबाई म्हणाली, "ह्यो कागद कुठं कुठं जातोय?"

मायानं पेन बाजूला ठेवलं. "तालुक्यापातूर म्हाईत हाय मला. फुडचं न्हाई."

"मग तालुक्यापातूर चालंल तेवढंच लिही." आणि गुडघे दुखतात एवढं सांगून अंबूबाई शेण काढायला उठली.