बेचाळीस नंबरच्या टेबलावरची दुसरी प्लेट

"चमचे होते काय मंग?" नत्थुजींनी विचारलं.

देवमन काळमेघ भातकुलीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर दाढी करत बसला होता. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. त्याचा हात हवेतच थांबला.

"कोनते चमचे, काकाजी?"

"चांदीचे. जहाजावर चांदीचेच ऱ्हायतात मने. एखांदा गेला असन बॅगीत, तं सांगून टाक. आमी काय परके हावो? होते मानसाच्या हातून."

"अन चमचे नसन तं?" शेजारच्या ओट्यावर तूर निवडत बसलेल्या गंगूबाईने मान वर न करता विचारलं. "बाईमानसाचं काही लफडं असन. गोऱ्या बाया असतात थ्या, मायबाई. अन हा दिसाले तसा बरा हाय."

"मावशी, पन्नाशीले आलो मी!"

"मंग तं अजूनच."

देवमनने फेसासकट तोंड पुसून टाकलं. आठ दिवस हाच जाच चालला होता. चोर म्हणवून घ्यायचं का लफडेबाज, एवढीच निवड गावाने त्याच्यासाठी ठेवली होती.

त्यात त्याचाही थोडा दोष होताच. एकवीस वर्षं देवमन एका भल्यामोठ्या प्रवासी जहाजावर वाढप्याचं काम करत होता. आठ महिने समुद्रावर, मग दोन-अडीच महिने भातकुलीत. दर सुट्टीत त्याच्या ओट्यावर सभा भरायची, आणि गोष्ट सांगताना देवमनचा हात वाढपी माणसाचाच होता, सढळ. जहाजाचं तोंड अमरावतीच्या राजकमल चौकात ठेवलं तर शेपूट बडनेऱ्याच्या स्टेशनात अडकेल, असं त्याने सांगितलं; गावाने मान डोलावली. जहाजावर पोहायचे सहा तलाव आहेत, आणि समुद्र खवळला की एका तलावातला माणूस उडून दुसऱ्यात पडतो, पण हातातलं सरबत सांडत नाही, असं सांगितलं. तेही गावाने मानलं. एका शेठाणीने कुत्र्यासाठी समुद्र दिसणारी खोली घेतली होती आणि तो कुत्रा रोज सकाळी स्वतः फोन करून दूध मागवायचा, हे ऐकल्यावर नत्थुजींनी एवढंच विचारलं होतं, "म्हशीचं का गाईचं?"

यंदा तो तीन महिने आधीच परत आला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओट्यावर बसून जसं घडलं तसं बोलला. कंपनीने दुसऱ्यांदा वाढायचे पैसे लावले. मी न लावता वाढलं. म्हणून घरी बसवलं.

गाव खो खो हसलं.

"दुसऱ्या खेपेले वाढाचे पैसे!" नत्थुजी म्हणाले होते. "फेक लेका, पन मापात फेक."

जहाजावर हे काही एका दिवसात झालं नव्हतं. आधी वाचनालय गेलं. पुस्तकं खोक्यांत भरून बंदरावर उतरवली आणि त्या खोलीत दारूचा आणखी एक बार आला. मग रात्री उशीवर ठेवायचं चॉकलेट गेलं. खोल्या साफ करणारी पोरं टॉवेलला घड्या घालून रोज एक हत्ती नाहीतर माकड बिछान्यावर बसवायची, प्रवाशांची लेकरं ते पाहायला धावत खोलीत शिरायची. तेही बंद झालं. मग डेकवर जिथे सावली पडते तिथल्या खुर्च्यांभोवती दोरी लागली. दोरीच्या आत बसायचे वेगळे पैसे. सावलीचे! आणि दर वेळी भिंतीवर एक कागद चिकटायचा, त्यावर ठरलेलं वाक्य: 'पाहुण्यांचा अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी'. देवमनला वाटे, हे लिहिणाऱ्या साहेबाला एकदा आणावा, भर दुपारी दोरीच्या बाहेर उन्हात बसवावा आणि तासाभराने विचारावं, झालात का समृद्ध?

शेवटचा कागद जेवणघरात लागला. मुख्य पदार्थ एकदाच. पुन्हा हवा असेल तर प्लेटीमागे पंधरा डॉलर.

त्यानंतर चौथ्या दिवशी बेचाळीस नंबरच्या टेबलावर तो म्हातारा बसला. एकटाच. जन्मभर पोस्टात चिठ्ठ्या वाटलेला, एकदा तरी जहाजातून फिरायचं म्हणून नऊ वर्षं पैसा जमवून आलेला. लोण्यात परतलेला मासा त्याने असा खाल्ला की प्लेट धुवायची गरज उरली नाही. मग त्याने चष्मा लावून कार्डावरची खालची बारीक अक्षरं वाचली, चष्मा काढला, म्हणाला, "पोट भरलं," आणि प्लेटीवर हात आडवा धरला.

आता पंगतीत वाढलेल्या कोणालाही विचारा. ताटावर धरलेला हात दोन तऱ्हेचा असतो. बोटं घट्ट मिटलेली असली की माणसाचं खरंच झालेलं असतं. बोटांत फट असली की तो लाजून राहिलेला असतो. भातकुलीत भाजी-रोडग्याच्या पंगती वाढत देवमन मोठा झाला, त्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हाताऱ्याच्या बोटांतून तर वरणाची वाटी गेली असती.

देवमन स्वयंपाकघरात गेला आणि ताहेरला म्हणाला, "एक अजून दे." अकोल्याच्या जुन्या शहरातला ताहेर तिथे मासा परतायला उभा असे. त्याने देवमनच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता प्लेट भरली. दोन दिवसांनी कंपनीच्या कॉम्प्युटरला एक मासा कमी पडला.

सगळी गोष्ट एवढीच. हिच्यात ना चमचा, ना बाई.

"काकाजी," देवमन अर्ध्या दाढीनेच उभा राहिला. "उद्या अकरा वाजता माही चौकशी हाये. कंपनीची बाई व्हिडिओवर येनार हाय. तुमी या. मावशी, तूबी ये. ज्याले ज्याले चमचे मोजाचे हायेत त्याले घिऊन या. कंपनीच्या तोंडूनच आयका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताहेरचा फोन आला. तोही घरीच बसवलेला होता. त्याची चौकशी आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

"भाई, मैंने लिख दिया," तो म्हणाला. "दो लाइन हैं. ग़लती से हो गया, नियम समझा नहीं. बस. पंधरा तारीख को बुला रहे वापस."

"तुले नियम समजला नोता?"

"अरे, चूल्हे के ऊपर चिपका था, यार! रोज़ पढ़ता था." ताहेर हसला. "लुबना बेटी का कॉलेज है, भाई. तू भी लिख दे. मछली तो गई पेट में, अब किस बात की ज़िद?"

"तुहं बरोबर हाय," देवमन म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र त्याने चहा घेतला नाही.

अकराला पाच कमी असताना त्याने जहाजावरचा पांढरा कोट घातला. खाली लुंगीच राहू दिली. कंपनीला कमरेच्या वरचाच माणूस दिसणार होता. मुलगी अपेक्षा अमरावतीला दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती सुट्टी काढून लॅपटॉप घेऊन आली होती. तिने तो टेबलावर ठेवला. मागे सतरंजीवर नत्थुजी, गंगूबाई आणि आणखी नऊ जण दाटीवाटीने बसले. देवमनची बायको शकुन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

पडद्यावर एक तरुण बाई आली. मिस लोरना. कुठल्यातरी दूरच्या बंदरातलं ऑफिस, मागे कंपनीचं निळं चिन्ह. ती इंग्रजीत बोलली.

"गुड मॉर्निंग, डेव्ह. खोलीत तुमच्याशिवाय आणखी कोणी आहे का?"

"घरचेच आहेत, मॅडम," देवमनने इंग्रजीत सांगितलं.

"डेव कोन?" नत्थुजी कुजबुजले.

"बाबांले तिकडे तसंच म्हनतात," अपेक्षा म्हणाली.

मिस लोरनाने आरोप वाचला आणि अपेक्षाने वाक्यागणिक वऱ्हाडीत उतरवला. गेल्या महिन्याची बारा तारीख, रात्रीचं जेवण, टेबल बेचाळीस. माशाची दुसरी प्लेट. किंमत पंधरा डॉलर. बिलावर लावली नाही.

सतरंजीवरच्या माना पुढे आल्या.

"पुन्हा सांग," नत्थुजी म्हणाले.

अपेक्षाने पुन्हा सांगितलं.

"अन चमचे? विचार तिले. चमचे-गिमचे काही गेले काय?"

"आबाजी, असं कसं विचारू?"

"विचार मन्लं ना! बापाच्या इज्जतीचा सवाल हाय."

अपेक्षाने विचारलं. मिस लोरना गोंधळली. तिने कागद खालीवर केले, पडद्याबाहेरच्या कोणाला तरी काही विचारलं आणि म्हणाली, "चमच्यांबद्दल आमच्याकडे कोणतीही तक्रार नाही."

नत्थुजींनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि त्या टोपीकडेच पाहत राहिले.

गंगूबाई मात्र गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि थेट पडद्यापुढे गेली. "हव वं बाई, तुह्या घरी पाव्हना आला तं दुसऱ्या पोयीचे पैसे घेतं काय तू? बुढ्या मानसाच्या तोंडातला घास मोजता? मोठं जहाज घिऊन फिरता अन जीव असा मुंगीएवढा!"

"त्या काय म्हणत आहेत?" मिस लोरनाने विचारलं.

"त्यांना धोरणाबद्दल शंका आहे," अपेक्षा म्हणाली.

मग खोली पेटलीच. कोणी म्हणालं, तेरवीच्या पंगतीतबी असं करत नाहीत. कोणी म्हणालं, त्या साहेबाले भातकुलीले आना, रोडगे खाऊ घालू अन मंग मोजू. एकवीस वर्षं देवमनने ज्या गोष्टी सांगितल्या त्यांतल्या एकीवरही गाव एवढं तापलं नव्हतं. देवमन सरळ बसून होता. आठ दिवसांनी पहिल्यांदा त्याचा श्वास पोटापर्यंत पोचला.

आवाज खाली आल्यावर मिस लोरना म्हणाली, "डेव्ह, तुमची एकवीस वर्षांची सेवा चांगली आहे. कंपनीला हे इथेच संपवायचं आहे. मी एक वाक्य वाचते. ते तुमचं म्हणून लिहून द्या. 'नियमाच्या गैरसमजामुळे माझ्याकडून हे चुकून घडलं.' पंधरा तारखेला तुम्ही जहाजावर असाल."

अपेक्षाने सांगितलं, आणि सगळ्यांची तोंडं देवमनकडे वळली.

"लिहून दे ना मंग," नत्थुजी म्हणाले. आवाज आता घरच्या माणसाचा होता. "तुहं खरं निंगालं. चोर नाही, काही नाही. आता दोन अक्षरं लिहाले काय जाते तुहं?"

"अन नाही लिहिलं तं?" गंगूबाईने विचारलं.

"तं नोकरी गेली, मावशी. मंग ह्या वयात दुसरं जहाज कोनी घेत नाही."

देवमनने हात पुढे केला. टेबलावरचं पेन उचललं. ताहेरने लिहिलं होतं. ताहेर काही कमी माणूस नव्हता. वाक्य तर मासा परतण्याच्या आत लिहून झालं असतं. पण देवमनच्या नजरेपुढे तो कागद आला, भिंतीवरचा. ह्या दोन ओळीही तिथेच कुठेतरी लागणार होत्या. गैरसमजामुळे. चुकून. म्हणजे जगात कोणी कोणाला जाणूनबुजून वाढतच नाही, असं त्या साहेबाला वाटत राहणार होतं, आणि त्याखाली सही देवमन काळमेघची.

"अहो," चौकटीतून शकुन म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "त्या बुढ्यानं खाल्लं काय मंग?"

"खाल्लं."

"सगळं?"

"पावाच्या तुकड्यानं प्लेट पुसून."

"मंग चुकून कसं?" शकुन म्हणाली आणि पदराने कपाळ पुसत आत निघून गेली.

देवमनने पेन ठेवलं. खुर्ची पुढे ओढली आणि सावकाश, जसं टेबलाजवळ उभं राहून पदार्थांची नावं सांगावीत तसं, इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, ते वाक्य माझं नाही. नियम मला पाठ होता. माणूस भुकेला होता. मी समजून-उमजून वाढलं. तुम्ही असंच लिहा."

मिस लोरना पडद्याजवळ झुकली. "तुम्हाला खात्री आहे, डेव्ह?"

"देवमन," तो म्हणाला. "पूर्ण नाव लिहा. देवमन. हो, खात्री आहे."

तिने लिहिलं. लिहिताना तिने मान खाली घातली होती, आणि लिहून झाल्यावरही ती लगेच वर केली नाही. मग निरोपाचे ठरलेले शब्द बोलून ती गेली.

नत्थुजी उठले. देवमनच्या खांद्याला हात लावावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

पडदा पांढरा झाला आणि त्यावर पाच पोकळ चांदण्या उगवल्या. खाली प्रश्न होता: आजच्या संभाषणाबद्दल आपण किती समाधानी आहात?

"एकबी नोको देऊ!" गंगूबाई ओरडली. "भोपळा दे त्याईले!"

"दे बाबा, एकच दे," अपेक्षाचे डोळे भरून आले होते. "कळू दे."

"कोनाले कयन, बेटा?" देवमन म्हणाला. "ह्या चांदन्या साहेबाच्या नाही, त्या पोरीच्या हायेत. चारच्या खाली गेली की तिलेबी असंच बसवतीन कोनासमोर. मले मालूम हाय."

त्याने बोट लुंगीला पुसलं आणि पाचव्या चांदणीवर ठेवलं. पाचही पिवळ्या झाल्या. पडद्यावर अक्षरं आली: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

देवमनने ती शेवटपर्यंत वाचली, आणि एकवीस वर्षांच्या सवयीने मान किंचित झुकवून म्हणाला, "थँक यू."

पडद्यावर कोणी नव्हतं.