जमीन कुठून धरायची

नोटीस चारच ओळींची होती. इमारतीची उंची नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर आहे, नियमाप्रमाणे ती नऊ मीटरच हवी, सबब जादा बांधकाम पंधरा दिवसांत काढून टाकावे. जादा बांधकाम म्हणजे सगळ्यात वरची माझी खोली. आता चाळीस सेंटिमीटर तेवढे कापायला छप्पर म्हणजे काय शर्टाची बाही आहे? काढायची तर अख्खी खोलीच काढावी लागणार होती.

ती खोली बाबांनी बांधली, दोन वर्षांपूर्वी, मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा. सत्तरीतला गवंडी माणूस, पण हाताखाली एकच मजूर घेऊन चार महिन्यांत भिंती उभ्या केल्या. का आलीस म्हणून त्यांनी विचारलं नाही, बरं केलंस असंही म्हणाले नाहीत. खिडकी कुठे हवी तेवढं विचारलं. मी म्हटलं, मशीनवर डावीकडून उजेड पडेल अशी. तेव्हापासून माझं शिवणकाम तिथेच चालतं.

नोटीस आल्याचं कळताच थोरल्या बहिणीने फोन करून सांगितलं, खुशाल माझ्याकडे ये, हॉलमध्ये सोय करू. तिचं मन मोठं आहे, हॉल तेवढा नाही. बाबांनी स्वतः टेप लावून पाहिली, तरी नऊ चाळीसच भरले. मग दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. ते पाहून माझं डोकं फिरलं आणि मी तडक नगरपालिकेत गेले.

तिथे या टेबलावरून त्या टेबलावर असं करत शेवटी एका कारकुनाने नियमांचं पुस्तक हातात दिलं, वर म्हणाला, बाकावर बसून वाचा, घरी न्यायचं नाही. सुरुवातीची वीस पानं नुसत्या व्याख्यांची होती. भिंत म्हणजे काय, सज्जा म्हणजे काय, जिना कशाला म्हणावं. दुसरा कुणी ती पानं उलटून पुढे गेला असता, पण मी पडले शिंपीण. आमच्याकडे माप कुठून धरलं यावर निम्मी भांडणं होतात. मी ‘उंची’ शोधली. उंची मूळ जमिनीपासून मोजावी, असं लिहिलं होतं. आणि मूळ जमीन म्हणजे कोणतेही खोदकाम किंवा भराव करण्यापूर्वीची जमीन.

मी ते तीनदा वाचलं. आमच्या घरामागे उताराची माती दरवर्षी भिंतीला येऊन टेकायची आणि ओल धरायची. बाबांना ओलीचा भारी राग. काही वर्षांपूर्वी त्यांनी भिंतीलगतची दीड फूट माती खोदून काढली आणि तिथे फरशी टाकली. पालिकेच्या माणसाने टेप त्याच फरशीवर टेकवली होती, आणि बाबांनीसुद्धा.

तिथल्याच इंजिनिअर मॅडमना जाऊन हे सांगितलं, तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, म्हणणं बरोबर आहे, पण जमीन आधी कुठवर होती याचा पुरावा लागेल. गुरुवारी स्वतः येऊन बघते.

घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, पुरावा आहे, पण मीच बुजवलाय. जमिनीत जाणारा दगड गवंडी घडवत नाहीत, त्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, त्याही भरत नाहीत. माती काढल्यावर तो ओबडधोबड भाग उघडा पडला. बाबांना ते बघवेना, म्हणून त्यांनी वरपासून खालपर्यंत गिलावा करून टाकला.

“अहो बाबा, घरामागची भिंत बघायला कोण येणार होतं?”

“मी बघत होतो ना,” ते म्हणाले.



गुरुवारी मॅडम आल्या. बाबांनी छिन्नी-हातोडी घेतली. घडीव दगड संपून ओबडधोबड सुरू होतो ती जुन्या जमिनीची खूण बाबा सांगतात तिथे निघालीच नाही तर? पहिला घाव त्यांनी इतका हलका घातला की मला वाटलं, यांच्याच्याने होणार नाही. मग गिलाव्याचा मोठा पोपडा खाली आला. वर घडीव दगड, मधल्या दरजा नीट भरलेल्या. खाली वेडेवाकडे धोंडे. आणि दोन्हींच्या मधे सरळ रेघ. मॅडमनी आणखी दोन ठिकाणी फोडायला लावलं. रेघ तिथेही तेवढ्याच उंचीवर. तिथून टेप लावली, आठ मीटर चौऱ्याण्णव भरले. नोटीस रद्द करण्याचा शेरा आजच मारते, असं म्हणून त्यांनी वही मिटली. माझा जीव भांड्यात पडला.

“म्हणजे अजून सहा सेंटिमीटर शिल्लक आहेत?” बाबांनी विचारलं.

“काका, त्यात काहीही बांधू नका,” मॅडम हसत म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी तिथेच फरशीवर बसले आणि मला रडू फुटलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. बाबा छिन्नी पुसत उभे राहिले.

“बॅग भरलीयस ना तू?” त्यांनी विचारलं.

बहिणीकडे जायला मी ती गुपचूप भरून ठेवली होती; मला वाटलं होतं, त्यांना ठाऊक नाही. मी होकारार्थी मान हलवली.

“वर जा, आधी ती रिकामी कर,” बाबा म्हणाले. “आणि यापुढे मला विचारल्याशिवाय भरायची नाही.”