बठ्ठं बरं शे

पाचोऱ्याजवळच्या उपकेंद्रात गरोदर बायांच्या मनाची तपासणी चालली होती. वृषाली सिस्टर प्रश्न विचारायच्या हर्षदाला, नि उत्तर द्यायच्या तिच्या सासूबाई, द्रौपदाबाई, तेही एकच, सगळं बरं असल्याचं. झोप लागते का? "बठ्ठं बरं शे." जेवण जातं का? "बठ्ठं बरं शे."

चौथ्या प्रश्नाला सिस्टरांचं डोकं फिरलं. "अक्का, मन तिचं तपासायचंय, तुमचं नाही! व्हा बरं बाहेर!"

द्रौपदाबाई पुटपुटत गेल्या. सिस्टरांनी दाराला आतून कडी घातली नि कागद पुन्हा पुढे ओढला.

"आता कुणी ऐकत नाही. खरं सांग पोरी, रडू येतं का गं?"

हर्षदा बंद दाराकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसत हळूच म्हणाली, "सासूबाईंना विचारून सांगते."