पहिली टाळी शारोल्ता नेनींची

मित्रांनो, आधी एक गोष्ट मान्य करून टाका. मी एक जुना पियानो आहे, पण दिसतो अजून झकास! काळाभोर, तीन पायांचा, मागे निमुळता होत गेलेला. तिसा नदीच्या काठावरच्या आमच्या गावात संगीताचे एक छोटे सभागृह आहे, त्याच्या मंचावर मी उभा असतो. येत्या गुरुवारी आमचा पियानोवादनाचा नवा हंगाम सुरू होतो आहे. झाडे पिवळी पडल्यापासून ती पुन्हा हिरवी होईपर्यंत दर महिन्याला एक नवा वादक येणार. बाहेरच्या भिंतीवर मोठी जाहिरात लागली आहे. तिच्यात सगळ्या वादकांचे फोटो आहेत. माझा नाही. मला त्याचे काही वाटत नाही. लाकडाला काय वाटणार? पण नसल्याचे लक्षात मात्र आले.

माझा जन्म बुडापेस्टच्या एका कारखान्यात झाला. डोंगरातले स्प्रूसचे लाकूड आणून आधी ते कित्येक वर्षे नुसते वाळत ठेवले होते. मग त्याच्यातून माझ्या पोटातली मोठी फळी कापली, तिच्यावर लोखंडी चौकट बसवली, चौकटीवर तारा ताणल्या. तारांवर आपटायच्या हातोड्यांना नमदा चढवला. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा कारखान्यातली सगळी माणसे जेवायची थांबली होती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. जेवायची वेळ होती आणि ती थांबली, एवढेच.

गावात आलो तेव्हा माझे भरपूर कौतुक झाले. मग एक काळ असा आला की सभागृहात मैफलीच होईनात. लोक माझ्या झाकणावर ओले कोट टाकायचे, फुलांच्या कुंड्या ठेवायचे. एकदा तर इथे सशांचे प्रदर्शन भरले आणि पहिले बक्षीस मिळवणारा ससा पिंजऱ्यासकट माझ्यावर बसला. ससा देखणा होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग हायनल्का इथे व्यवस्थापक म्हणून आली. तिने छप्पर दुरुस्त केले, मला नवे नमदे लावले आणि दरवर्षी पियानोवादनाचा हंगाम भरवायला सुरुवात केली. गावकरी हंगामाचा पास काढतात. पास काढला की खुर्ची आपली, ती वर्षानुवर्षे आपलीच! आणि इथेच खरी गंमत आहे. माझे झाकण एकाच बाजूने उघडते आणि ती बाजू श्रोत्यांकडेच हवी, म्हणून मला मंचावर उलटा फिरवता येत नाही. साहजिकच सभागृहात डावीकडे बसणाऱ्यांना वादकाचे हात दिसतात. उजवीकडे बसणाऱ्यांना दिसतो फक्त चेहरा. डावीकडच्या खुर्च्यांसाठी आमच्याकडे माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत.

डाव्या बाजूच्या चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर शारोल्ता नेनी बसायच्या. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने नेनी म्हणतात आणि पुरुषाला बाची. त्या संगीतशाळेतल्या निवृत्त शिक्षिका. गावातली निम्मी पोरे त्यांच्याकडे शिकली आहेत. शाळा गरम ठेवणारी भट्टी बिघडली की त्या पोरांना थंडीत इथे घेऊन यायच्या आणि माझ्यावर धडे चालायचे. एक सूर जरी चुकला तरी नेनींचा खांदा असा उडायचा, जणू मानेवर कुणी बर्फ ठेवला आहे.

आता एक रिवाज सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. सोनाटा ही तीन-चार भागांची एक रचना असते. भागांच्या मधे वादक क्षणभर थांबतो. तेव्हा टाळी वाजवायची नाही! अगदीच राहवत नसेल तर खोकायचे. म्हणून प्रत्येक भाग संपला की आमचे सगळे सभागृह मनापासून खोकते. टाळी फक्त शेवटी. पण शेवट आला हे कळणार कसे? ते शारोल्ता नेनींना कळते. त्यांनी पहिली टाळी वाजवली की मग बाकीच्यांनी वाजवायची, हे न ठरवता ठरलेले. एकदा औषधाच्या दुकानदाराने मधेच टाळी वाजवली होती. त्याला अजून दुकानात कुणीतरी विचारते, "गोळ्या संपल्या का, की अजून एक भाग आहे?"

गेल्या वसंतात एका दुपारी शारोल्ता नेनी एकट्याच आल्या. थंडीत हवा कोरडी पडल्यामुळे माझ्या मधल्या तारा भलत्याच उतरल्या होत्या. सूर लावणारा अजून यायचा होता. नेनींनी एक पट्टी दाबली. मी इतका बेसूर बोललो की मलाच कसेसे झाले.

नेनींचा खांदा हलला नाही.

"छान लागलायस," त्या म्हणाल्या. मग त्यांनी केसांखाली लपवलेले कानाचे यंत्र काढून माझ्यावर ठेवले. "याच्यातून तुझा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा येतो. आणि हे काढलं की काहीच येत नाही. माणसं समोर उभी राहून बोलली तर ओठांवरून कळतं मला. पण तुला कुठे आहेत ओठ? तुझं सगळं मला आता वाजवणाऱ्याच्या बोटांवरून ऐकावं लागतं. बोटं दिसली ना, की डोक्यात सगळं वाजतं. पूर्वीसारखं. अगदी पूर्वीसारखं." त्यांनी यंत्र पुन्हा कानात घातले. "कुणाला बोललास तर बघ. बहिरी मास्तरीण म्हणून माझ्याकडे बघतील आणि मोठ्यांदा ओरडून बोलतील. ते नको."

मी कुणाला बोलणार? आता साऱ्या गावाला ठाऊक झाले आहे, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

जून महिन्यात हायनल्काने पासवाल्यांची सभा घेतली. उजवीकडच्यांनी फार कटकट लावली होती. त्यांचे पुढारी होते आंब्रुश बाची, दातांचे निवृत्त डॉक्टर.

"मला सांगा," बाची उभे राहून म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांचे दात बघितले. निवृत्त झालो, पास काढला, आणि इथे बसून काय बघतो? वादकाचे दात! मरायच्या आधी बोटं बघू द्या की मला!"

सगळे हसले. हायनल्का म्हणाली, "म्हणूनच या हंगामापासून चिठ्ठ्या टाकूया. ज्याला जी खुर्ची निघेल ती त्याची. कुणाची काही हरकत?"

सगळ्यांच्या माना शारोल्ता नेनींकडे वळल्या. त्या काय बोलणार? वादकाचे हात का दिसायला हवेत, हे सांगायचे तर पुढचे सगळेच सांगावे लागले असते.

"माझी कसली हरकत?" नेनी म्हणाल्या. "संगीत काय, कुठूनही ऐकू येतं."

चिठ्ठ्या निघाल्या. नेनींना उजवीकडची खुर्ची आली. आणि त्यांची चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची कुणाला यावी? आंब्रुश बाचींना! बाची तर नाचायचेच बाकी राहिले होते. त्यांनी जुन्या पद्धतीने वाकून म्हटले, "हाताला चुंबन, शारोल्ता! तुमची खुर्ची मी अगदी ऊबदार ठेवीन."

"ठेवा, डॉक्टर. फक्त झोपलात तर घोरू नका. डावीकडचे घोरत नाहीत."

उत्तर चोख होते. पण जाताना नेनी मंचाजवळ थांबल्या आणि माझ्या पट्ट्यांकडे पाहत राहिल्या. माझा हंगाम आठ मैफलींचा. नेनींचा हंगाम तिथेच संपला होता, आणि ते त्यांना आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हते.

हंगामाच्या आधी आमच्याकडे एक ओळखीची मैफल होते. हायनल्का येणाऱ्या वादकांची माहिती देते, एक वादक वाजवून दाखवतो आणि पासवाले आपापल्या नव्या खुर्चीत बसून बघतात. ज्याला खुर्चीची अदलाबदल करायची असेल त्याने त्या आठवड्यात करायची, नंतर नाही. यंदाची ओळखीची मैफल गेल्या शनिवारी झाली. वाजवायला आली होती किंगा. नेनींच्या त्या पोरांतलीच एक, लहानपणी थंडीत नाक ओढत माझ्यावर धडे गिरवायची. आता ती बुडापेस्टला असते आणि जाहिरातीत तिचा फोटो सगळ्यात मोठा आहे.

किंगाने सोनाटा सुरू केला. खरे सांगतो, इतके चांगले मला बऱ्याच दिवसांत कुणी वाजवले नव्हते. डावीकडे आंब्रुश बाची पुढे वाकून तिची बोटे बघत होते, खिडकीतून पहिला बर्फ बघणाऱ्या पोरासारखे. उजवीकडे शारोल्ता नेनी ताठ बसल्या होत्या. त्यांना किंगाचे कपाळ दिसत होते. कपाळावरून काय कळणार? मधल्या संथ भागात कुठेतरी त्यांचा धागा सुटला. त्यांची नजर किंगाच्या चेहऱ्यावर इकडेतिकडे शोधत होती.

संथ भाग संपला. किंगाने डोळे मिटले, मान वर केली आणि एक लांब श्वास सोडला. तो चेहरा अगदी सगळे संपल्यासारखा होता.

नेनींनी टाळी वाजवली.

आणि मित्रांनो, सगळ्या सभागृहाने वाजवली! एकानेही विचार केला नाही. खोकायला तोंड उघडलेल्यांनीसुद्धा तोंड मिटून टाळ्या पिटल्या. सगळ्यात जोरात औषधाचा दुकानदार वाजवत होता. किंगा दचकून वळली. तिचे हात अजून माझ्या पट्ट्यांवरच होते. ते पाहून एकेक टाळी विझत गेली. कुणीतरी कुजबुजले, "अगं, अजून एक भाग आहे ना?" दुसरे म्हणाले, "नेनींनी वाजवली म्हणजे नसेल." तिसरे म्हणाले, "मग ती उठत का नाही?"

नेनींना हे ऐकू आले नाही. पण थांबत गेलेले हात त्यांना दिसले. त्यांनी आपले हात मांडीवर ठेवले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

किंगाने शेवटचा भाग वाजवला. वाऱ्यासारखा! शेवटचा सूर माझ्या पोटातल्या फळीतून निघाला, छतापर्यंत गेला आणि विरला. किंगाने हात उचलून मांडीवर घेतले.

टाळी नाही.

लोक नेनींकडे बघत होते. एकदा फसले होते, पुन्हा फसायला कुणी तयार नव्हते. आणि नेनी आता हात उचलणार नव्हत्या. सगळे आपल्याकडेच का बघत आहेत, हे मात्र त्यांना दिसत होते. मंचावर एक मुलगी इतके सुंदर वाजवून नुसती बसून होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी कितीतरी शांतता ऐकल्या आहेत, पण इतकी लाजिरवाणी एकही नाही.

तेव्हा शारोल्ता नेनी उभ्या राहिल्या.

"संपलं का?" त्यांनी विचारले. आवाज थोडा मोठाच होता. "कुणीतरी माझ्याकडे तोंड करून सांगा. मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले, येत नाही. मी हातांवरून ओळखायची, आणि इथून हात दिसत नाहीत."

डावीकडे चौथ्या रांगेत आंब्रुश बाची उभे राहिले. ते पूर्ण नेनींकडे वळले आणि एकेक शब्द ओठांनी नीट घडवत म्हणाले, "संपलं, शारोल्ता. सगळे भाग झाले. आणि पोरीनं कमाल केली."

नेनींनी मंचाकडे पाहिले. किंगा रडत होती आणि जोरजोरात मान हलवत होती. हो, संपले.

मग टाळ्या सुरू झाल्या. कुणी सुरू केल्या ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडे फार आवडले की टाळ्या हळूहळू एका तालात येतात, आणि मग तो ताल वाढत वाढत जातो. त्या दिवशी तो असा वाढला की माझ्या न वाजवलेल्या ताराही गुणगुणू लागल्या. एकाच वेळी वर जाणारे आणि एकाच वेळी खाली येणारे शेकडो हात. ते मात्र नेनींना कुठूनही दिसत होते.

मैफलीनंतर चहा आणि गरम पोगाचा होत्या. पोगाचा म्हणजे आमच्याकडचे चीज घातलेले छोटे, खारे पाव. आंब्रुश बाची नेनींच्या समोर येऊन उभे राहिले.

"शारोल्ता, ती खुर्ची परत घ्या. मला तिथे वारा लागतो. मान धरली माझी."

"डॉक्टर, 'अजिबात दुखणार नाही' म्हणताना तुमचा चेहरा असाच व्हायचा. माझी अक्कलदाढ काढलीत, आठवतंय ना? खोटारडे!"

"मग खरं सांगतो. मी आज बोटं बघितली. फार छान होती. पण मला एक सूर सांगता येईना, कुठल्या बोटाचा कुठला. तुम्हाला तिथून ऐकू येतं. मला तिथून नुसतं दिसतं."

नेनींनी एक पोगाचा उचलून बाचींच्या बशीत ठेवली. "घेते खुर्ची," त्या म्हणाल्या. "पण पहिली टाळी आता माझ्याकडे नको. किंगा आज एवढं वाजवून बसून राहिली. ते माझ्या एकटीमुळे नाही झालं. तुम्हा सगळ्यांना कान होते की!"

हायनल्का ओशाळली. औषधाचा दुकानदारसुद्धा बशीत बघू लागला.

तर असे आहे, मित्रांनो. गुरुवारी हंगाम सुरू होईल. शारोल्ता नेनी डावीकडे बसतील, आंब्रुश बाची उजवीकडे दात मोजतील आणि पहिली टाळी कोण वाजवणार ते कुणालाच माहीत नाही. मी लाकडाचा आहे, मला धाकधूक होत नाही. पण एक मागतो. मला ओल्या कोटांपासून जपा, कुंड्यांपासून जपा, ते तर कराच. त्याहून जास्त म्हणजे, तुम्ही कधी अशा सभागृहात आलात आणि शेवटचा सूर विरला, तर शेजाऱ्याचे हात बघू नका. तो सूर पूर्ण जाऊ द्या. गेला असे तुमच्या स्वतःच्या कानांना वाटले, की वाजवा. चुकलात तर चुकलात. चुकीची टाळीसुद्धा मला त्या शनिवारच्या शांततेपेक्षा पुष्कळ बरी.