मिथिलेश नावाचा जिन

आमगावच्या अलीकडे एका राईस मिलच्या आवारात, धान वाळवायच्या सिमेंटच्या फरशीवर त्या दिवशी धानाऐवजी बाया वाळत होत्या. सकाळपासून, उन्हात. समोर खुर्चीवर कमंडलबाबा, मागं त्याची मोटरसायकल. अंगावर पिवळंजर्द उपरणं, हातात पितळी कमंडलू आणि तोंडी कुणाला न दिसलेल्या शत्रूशी कडाक्याचं भांडण.

"निकल, मिथिलेश! इस माता की कोख से निकल!"

त्यानं पुढ्यात बसलेल्या रुख्माच्या ओंजळीत पिवळी चिंधी ठेवली आणि कमंडलूतलं पाणी शिंपडलं. चिंधी लालभडक झाली. बायांचे पदर तोंडाला गेले.

"देखो, जिन का खून! आमी नाई म्हनत, माताजी. नागपूरची मशीन म्हनते. मशीन झूठ बोलेगी क्या?"

मागं उभ्या असलेल्या गावच्या आशा कार्यकर्ती अल्काला वाटलं, या फरशीनंच आपल्याला पोटात घ्यावं. कारण हा मिथिलेश तिनंच जन्माला घातला होता.

झालं होतं असं. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास करणारं एक पथक मागच्या महिन्यात गावात येऊन तिशीपुढच्या बायांचे नमुने नागपूरच्या मशीनवर तपासायला घेऊन गेलं. अल्कानं प्रशिक्षणात एक अवघड शब्द पाठ केला होता, आणि पाठ झालेला अवघड शब्द कुठंतरी टाकल्याशिवाय माणसाला करमत नाही. अहवाल आल्यावर तिनं रुख्माला फोन करून ऐटीत सांगितलं, "तुमच्या नमुन्यात जीन मिथिलेशन निघालं. शुक्रवारी गोंदियाले दुर्बिणीची तपासनी आहे."

रुख्माला ऐकू आलं, जिन. नाव मिथिलेश. नवरा भोजराज गुरकावला, "कोन होय वो हा मिथिलेश?" संध्याकाळपर्यंत गावाला जिनाचं नाव कळलं, आणि बाबाला तर दुसऱ्या दिवशी त्याचा सगळा इतिहास तोंडपाठ! वर हुकूम सुटला: चाळीस दिवस पिशवीला लोखंड लागता कामा नये. म्हणजे दवाखाना बंद.

आज तोच शुक्रवार होता.

"रुख्माबाई, उठा. तपासनीची वेळ होऊन राहिली," अल्का पुढं आली.

"कायले जाऊ? जिन तं निंगून राहिला ना आता."

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या कुंताबाईनं हात जोडले. म्हातारी मोठी भाविक. "बाबा, येक इचारू का जी? माह्या लुगड्यावर तुरीचं वरन सांडलं अना साबन लावला का डाग असाच लाल होते. म्हनजे माह्या लुगड्यातबी मिथिलेश रायते का?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. हळदीचा तो डाग तिथल्या एकूण एक बाईनं धुतला होता. चमत्कार समोर आल्यावर तेवढं विसरायला झालं होतं, एवढंच.

अल्कानं कमंडलूत बोटं बुडवली. तळाशी चुना. मग तिनं ते पाणी सरळ बाबाच्या उपरण्यावर ओतलं. हळदीतच रंगवलेलं उपरणं लालेलाल!

"अगा माय!" कुंताबाई किंचाळली. "बाबाच्या पिशवीतबी जिन!"

"उड के आया मेरे पे!" बाबा ओरडला.

"मंग बाबा, आता चाळीस दिवस मोटरसायकलले हात लावू नका," अल्का म्हणाली. "लोखंडाची आहे."

तिनं पूजेच्या ताटातलं लिंबू उपरण्यावर पिळलं. लाल परत पिवळं झालं. "हरदीले चुना लागला का लाल, लिंबू लागलं का पिवरी. झाला तुमचा जिन!"

आवार हसून लोटपोट झालं. रुख्मा मात्र हसली नाही.

"बाबा खोटा," ती हळूच म्हणाली. "मंग तो कागदबी खोटाच ना, अल्काताई?"

बाबाला ओलं करणं सोपं होतं. हे अवघड. अल्का तिच्यासमोर फतकल मारून बसली.

"कागद खरा आहे, बाई. मीच तुमाले समजेल असं सांगतलं नाई. पेशीनं कसं वागावं हे जिथं लिवून रायते, त्याले जीन म्हनतेत. तुमच्या धानाच्या बांधीले जास्तीचं पानी जायले तोंड रायते का नाई?"

"रायते."

"ते कोनी चिखलानं बुजवलं तं?"

"पानी भरत जाईन. बांधाचा धुरा फुटन."

"तसंच. पेशींची वाढ आवरून धरनाऱ्या जीनवर बारीक बूच बसते. त्या बुचाले मिथिलेशन म्हनतेत. धुरा फुटाच्या आधी मशीनले ते बूच दिसते. कॅन्सर झाला असं कागद म्हनत नाई. जाऊन नीट पाहा म्हनते."

"पन मले दुखत तं नाई काई."

"दुखाच्या आधीच पाहाचं आहे."

रुख्मानं अल्काकडे टक लावून पाहिलं. मग ओंजळीतली चिंधी खाली टाकली, हात लुगड्याला पुसले आणि मागं उभ्या भोजराजकडे वळली. "अवो, पाहून काय राहिले? गाडी काढा."

गोंदियाला दुर्बिणीत एक डाग दिसला. कॅन्सर झालेला नव्हता, पण होण्याच्या वाटेवर होता. डॉक्टरीणबाईंनी तेवढा भाग काढून टाकला आणि पुन्हा तपासणीला यायचं बजावून रुख्माला घरी पाठवलं. कमंडलबाबा दुसऱ्या जिल्ह्यात गेले म्हणतात. तिथल्या बायाही वरण रांधतात, एवढीच आशा.

बायांनो, चमत्कार दिसला की आपल्याला चुलीपाशी आणि धुण्याच्या दगडापाशी काय काय ठाऊक आहे ते आधी आठवा. आणि ताईच्या, डॉक्टरच्या तोंडून अवघड शब्द आला तर मान डोलावू नका. थांबवा, विचारा, "म्हणजे काय?" नाही कळलं तर पुन्हा विचारा. न कळलेल्या शब्दातच हे बाबा घर बांधतात. उत्तर कळलं, की उठा आणि तपासणीला जा.