अप्पांनी बांधलेलं चाक

चाक फ्रेममधून ओढून काढताच अ‍ॅक्सलचा म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा बोटभर तुकडा शांतलिंगच्या तळहातावर पडला. त्यानं तो चिंधीनं पुसला आणि दारातल्या उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला होता. उरलेला अर्धा लखलखत होता.

तो स्टुलावर बसला. भूमच्या एसटी स्टँडामागं चौतीस वर्षं सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अ‍ॅक्सल एका दणक्यात तुटला असता, तर सगळं तोंड सारखंच चमकलं असतं. ही चीर जुनी होती. कित्येक आठवडे ती आत सरकत गेली होती, आणि शेवटी जेवढं लोखंड शिल्लक होतं तेवढं शर्यतीच्या दिवशी तुळजापूरच्या घाटात, भर उतारावर, त्याच्या मुलीच्या खाली मोडलं होतं.

"कुत्रं आडवं आलं," शिवरंजनीनं सांगितलं होतं. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य तेच. खांद्याजवळचं हाड मोडलेलं, पुढचे दोन दात गेलेले, तरी आईला तेच, शाळेतल्या सरांना तेच, भेटायला आलेल्या प्रत्येकाला तेच. शांतलिंगनं चार दिवस कुत्र्यांना आणि नगरपालिकेला शिव्या दिल्या होत्या. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची.

सायकल पोत्यात बांधून आली ती पंचवीस दिवस मागच्या खोलीत पडून होती. आज त्याच्या बायकोनं, नीलम्मानं, झाडताना पोतं दुकानात आणून टाकलं, म्हणून त्यानं ते सोडलं.

त्या निवडीच्या शर्यतीत घाटमाथ्यावर शिवरंजनी दुसरी होती. पहिल्या तिघींची पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड व्हायची होती. वयाची अट अठराच्या आतली. पुढच्या महिन्यात तिला अठरा पुरी होणार होती.

दिवाळीच्या सुट्टीत तिच्या शाळेतले खेळाचे मास्तर, श्रीशैल सर, सोलापुरातून एक मागचं चाक घेऊन आले होते. वापरलेलं, पण उत्तम, नव्या धर्तीच्या कॅसेट हबचं. शांतलिंगनं ते हातात घेतलं, फिरवलं, आवाज ऐकला आणि परत दिलं.

"ह्याचं काय बिघडलं तर सोलापूर गाठावं लागतंय, सर. आमचं फ्रीव्हीलचं चाक बरं. हितल्या हितं दुरुस्त व्हतंय."

त्या वेळी शिवरंजनी तिथंच उभी होती. नंतर तिनं तीनदा विषय काढला. तिसऱ्यांदा तो म्हणाला होता, "परांडा-वाशीचे लोक चाक बांधायला माझ्याकडं येतात, आन् माझी पोरगी दुसऱ्याच्या हातच्या चाकावर बसंल?" त्यावर ती "बरं" म्हणाली, आणि पुन्हा कधी बोलली नाही.

शांतलिंग उठला. फ्रीव्हील काढायचा पाना त्यानं शिकंजात आवळला, चाक त्यावर आडवं बसवलं आणि रिम दोन्ही हातांनी धरून डावीकडं पीळ दिला. हललं नाही. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा, चाकाच्या आट्यांवर बसतं, आणि जितकं पायडल मारावं तितकं जास्त आवळतं. दीड वर्षं रोज पहाटे ती ईट गावच्या रस्त्यानं तीस-तीस किलोमीटर जाऊन यायची. तो सगळा जोर त्या आट्यांत बसला होता. त्यानं भिंतीला पाय रोवला, दात आवळले. तिसऱ्या हिसक्याला कर्रकन आवाज झाला आणि फ्रीव्हील सुटलं.

मग त्याचे हात भराभर चालू लागले. नवा अ‍ॅक्सल, नव्या गोळ्या, ग्रीस. जुने दोन्ही तुकडे त्यानं भंगाराच्या डब्यात तळाशी सारले आणि वर मोडक्या चेनी टाकल्या. फ्रीव्हील परत चढवून चाक स्टँडला लावेपर्यंत त्यानं एकदाही दुकानामागच्या घराच्या दाराकडं पाहिलं नाही.

बाहेर मोटरसायकल थांबली. श्रीशैल सर आत आले.

"काय म्हणते रंजनी?"

"बरी हाय. बसा."

सर बसले नाहीत. "एक काम होतं, अप्पा. ईटची ज्ञानेश्वरी माहीत आहे ना? लिंबाजी धनगराची. चौदा वर्षांची पोर, पण चढाला दम बघा तिचा! फ्रेम मिळालीय. मागचं चाक बांधायचंय, ते तुम्हीच बांधा."

"कसलं बांधू?"

"तुमचंच, फ्रीव्हीलचं. दिवाळीत तुम्ही म्हणालात ते मला पटलं नव्हतं. पण विचार केला, लिंबाजी कुठं सोलापूरला खेपा घालणार? आणि रंजनी दीड वर्ष त्याच चाकावर पळालीच की. कुत्रं आडवं आलं, त्याला चाक काय करणार?"

शांतलिंग चिंधीनं बोटं पुसत राहिला. बोटं केव्हाच स्वच्छ झाली होती. घरात मघापासून चालू असलेला रेडिओ बंद झाल्याचं त्याला जाणवलं.

"न्हाय," तो म्हणाला. "कॅसेटचं घ्या."

"आता?"

"कॅसेटचंच घ्या, सर. पोर चढावर उभी राहून दाबती. एकाच चक्राची सायकल असली तर फ्रीव्हीलला काय व्हत न्हाय. सात चक्रं लावली की उजवीकडचं बेअरिंग लई आत ऱ्हातंय. तिथून फ्रेमपर्यंत अ‍ॅक्सलला आधारच न्हाय. रोज थोडा थोडा वाकतोय, मग चिरतोय. वरून दिसत न्हाय. कॅसेटमधी बेअरिंग पार कडंला असतंय. भार पेलतंय."

तो एका दमात बोलला. इतकं सोपं करून त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

सर स्टँडवरच्या चाकाकडं बघत होते. नव्या अ‍ॅक्सलचं टोक ग्रीसमधून चमकत होतं.

"असे तुटलेले बघितलेत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजच्या पोरांचे. दोन-तीन."

"कधी?"

हे सरांनी विचारलं नव्हतं. शिवरंजनी घराच्या उंबऱ्यात उभी होती. डावा हात झोळीत, ओठ आत ओढलेले. दात गेल्यापासून ती तसेच धरायची.

शांतलिंगनं चिंधीची घडी केली.

"दिवाळीच्या आधी का नंतर, अप्पा?"

"आधी," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी नव्हे, नुसतीच. नीलम्मा तिच्या मागं येऊन उभी राहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता परत आत गेली.

"मी सोलापूरला फोन करून बघतो," सर म्हणाले. "दिवाळीतलं ते चाक अजून असेल तिथं." ते कुणाकडंही न बघता बाहेर पडले. मोटरसायकल पहिल्या किकला सुरू झाली नाही, दुसऱ्याही नाही. तोवर दुकानात दोघं तशीच उभी होती.

आवाज लांब गेल्यावर शिवरंजनी म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला ठाऊक नसंल. म्हणून कुत्र्याचं सांगितलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर शांतलिंगला आवाज चढवता आला असता. त्यानं चाकाला टिचकी दिली. चाक गरगरलं, रिम दोरीसारखी सरळ, कुठं केसभर लचक नाही. असं चाक अख्ख्या तालुक्यात दुसरं कुणी बांधत नव्हतं.

"झालं का हे?" तिनं विचारलं.

"झालं."

"मग बाहेर टांगा. घेईल कुणीतरी."

"हे न्हाय कुणाला द्यायचं," तो चटकन म्हणाला.

"का?"

चाक फिरतच होतं. त्यानं ते हातानं थांबवलं.

"आत जा," तो म्हणाला. "उभं राहून हात दुखंल."

ती हलली नाही. मोकळा हात तिनं चौकटीवर टेकवला आणि त्याच्याकडं बघत राहिली.